मानेकडे बघणाऱ्या कुसुममावशी

कुसुममावशी पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा मला वाटलं, बाईंना माझं मंगळसूत्र फार आवडलेलं दिसतंय. टेक्सासमधल्या शुगर लँडच्या या घरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. आत खोक्यांचे ढीग, बाहेर ऑगस्टचं दमट ऊन, आणि दारात हातात डबा घेऊन उभी असलेली एक ठेंगणी, साठी ओलांडलेली बाई. "दाराला तोरण दिसलं म्हणून आले. चार घरं सोडून राहतो आम्ही," असं म्हणत त्या आत आल्या, एका खोक्यावरच टेकल्या आणि गप्पा मारू लागल्या. बोलत माझ्याशी होत्या, पण बघत होत्या माझ्या गळ्याकडे. मी दोनदा मंगळसूत्र सारखं केलं. शेवटी न राहवून म्हटलं, "नागपूरचं आहे मावशी, आमच्या नेहमीच्या सोनाराकडचं."

"काय ते?"

"मंगळसूत्र."

"अगं नाही गं, ते मी बघितलंच नाही," त्या म्हणाल्या. "तुझी मान छान लांब आहे. काम पटकन होईल."

त्या गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, की शेजार जरा विचित्र आहे. डब्यात मुगाची खिचडी होती, तिखट आणि झकास, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

मग हळूहळू उलगडा झाला. मावशी एका मोठ्या हॉस्पिटलात अल्ट्रासाउंड करायच्या. डॉक्टर म्हणून नाही, टेक्निशियन म्हणून. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जातात. पेशंटला आडवं करायचं, मान वळवायला सांगायची, जेल लावून तिच्यावरून यंत्राची मूठ फिरवायची आणि पडद्यावर त्या वाहिनीच्या भिंतीची जाडी मोजायची, हे त्यांचं काम. सांगलीहून बी.एस्सी. होऊन लग्नानंतर इथे आल्या, दोन वर्षं हॉस्पिटलच्या फायली लावल्या, मग कम्युनिटी कॉलेजात जाऊन हे शिकल्या आणि निवृत्त होईपर्यंत हेच करत राहिल्या. त्यांच्या आयुष्याची एवढी हकीकत पुरे, कारण ती सांगण्यात त्यांना स्वतःलाही काही रस नव्हता.

एकदा मी विचारलं, "मावशी, किटलीला आतून क्षार धरतो तसं कोलेस्टेरॉल धरतं का?"

"सगळे तसंच समजतात. किटली खरवडता येते," त्या म्हणाल्या. "हे नुसतं वरून धरत नाही गं, भिंतीच्या आत शिरतं. थोडं थोडं, वर्षानुवर्षं. माणसाला पत्ताही नसतो. चालतो, हसतो, पार्टीत नाचतो, आणि आत भिंत जाड होत असते." एवढं बोलून त्या माझ्या मानेकडे बघायच्या आणि मला उगाचच घसा खाकरावासा वाटायचा.

चेहरे लक्षात ठेवायची सवय त्यांना उरलीच नव्हती. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्या वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या बायकांची नावं चुकवायच्या. पण एकदा ग्रोसरी स्टोअरमध्ये एक धिप्पाड टेक्सन म्हातारा वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वळवून उभा होता, आणि मावशी ट्रॉली माझ्या हवाली करून तडक त्याच्याकडे गेल्या. "एक्सक्यूज मी, तुमची डावी बाजू मला फार खोल सापडली होती," असं त्याला इंग्रजीत म्हणाल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. म्हातारा क्षणभर गोंधळला, मग मोठ्यांदा हसला आणि त्यांना मिठी मारून म्हणाला, "यू आर द लेडी विथ द वॉर्म जेल!" गार जेल मानेवर पडलं की माणूस दचकतो, म्हणून मावशी जेलची बाटली आधी गरम पाण्यात ठेवायच्या. घरी येताना मी त्याचं नाव विचारलं. "कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या.

या कामानं त्यांचा उजवा खांदा मात्र खाल्ला होता. दिवसभर हात अधांतरी धरून धरून तो कायमचा दुखरा झाला होता. पोळ्या लाटताना त्या एका बुटक्या स्टुलावर उभ्या राहायच्या, म्हणजे हात वर उचलावा लागत नाही. पंगतीत वाढायच्या त्या डाव्या हातानं. यावरून मंडळातल्या एका काकूंनी एकदा शेजारणीच्या कानात काहीतरी कुजबुजून नाक मुरडलं. मावशींनी ते बरोबर ऐकलं आणि काकूंच्या पानात डाव्या हातानंच आणखी एक पोळी टाकली.

त्यांना शिष्ट म्हणणारे बरेच होते, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला त्यांत मीही होते. कारण त्यांचा चेहरा. तपासताना तो चेहरा कोऱ्या पाटीसारखा असायचा. ओळखीचं कुणी त्यांच्याकडे तपासायला गेलं की उठता उठता विचारणारच, "काय दिसलं हो?" मावशींचं उत्तर ठरलेलं. "मी फक्त फोटो काढते. डॉक्टर सांगतील." टेक्निशियननं निदान सांगायचं नाही हा नियमच आहे, पण नियम हे परक्यांसाठी असतात अशी आपल्या लोकांची समजूत असते. एक गृहस्थ तर म्हणाले होते, "बोलू नका, नुसती मान तरी हलवा." मावशींनी मान हलवली नाही. त्या गृहस्थांनी पुढची दोन वर्षं त्यांना हळदीकुंकवाचं आमंत्रण जाऊ दिलं नाही.

यामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, मेथी निवडताना. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक मेक्सिकन आजी आल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. तपासणी संपल्यावर आजींनी मावशींचा हात धरला आणि डोळ्यांनीच विचारलं. मावशी त्यांच्याकडे बघून हसल्या, निव्वळ चांगुलपणानं, म्हातारीला धीर यावा म्हणून. आजींनी त्याचा अर्थ सगळं ठीक आहे असा घेतला आणि त्या डॉक्टरांच्या पुढच्या अपॉइंटमेंटला गेल्याच नाहीत. काही महिन्यांनी त्यांना स्ट्रेचरवरून आणलं. अर्धं अंग गेलेलं होतं.

"त्यांची मुलगी मला म्हणाली, आई सांगायची, ती छोटी इंडियन मुलगी हसली होती," मावशी म्हणाल्या. "हसूसुद्धा रिपोर्ट असतो गं. तेव्हापासून तेही बंद." आणि त्यांनी पुढची जुडी सोडली. त्यांना शिष्ट म्हटल्याची मला त्या दिवशी मनापासून लाज वाटली.

आता अरविंदकाकांबद्दल सांगायला हवं, कारण मावशींची खरी कसोटी लागली ती त्यांच्या नवऱ्याच्या मानेवर. काका पाइपलाइनमधले इंजिनिअर. तेलाच्या पाइपांची तपासणी करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. गंमत म्हणजे कामाची रीत मावशींचीच. पाइपवर बाहेरून यंत्र टेकवायचं, आवाजाच्या लहरी आत सोडायच्या आणि भिंत किती उरली आहे ते मोजायचं. "मी लोखंडाची मोजतो, ही माणसांची," असं ते नव्या माणसाला हटकून सांगायचे. त्यांचा दरारा होता तो एका गोष्टीसाठी. ते कधीही आगाऊ नोटीस देऊन जात नसत. नोटीस दिली की प्लँटवाले रंग लावून, धुऊनपुसून ठेवतात असं त्यांचं म्हणणं. एकदा म्हणे ते ख्रिसमसच्या आदल्या दिवशी एका प्लँटच्या गेटवर जाऊन उभे राहिले होते आणि मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पण हेच काका स्वतःच्या कोलेस्टेरॉलच्या टेस्टला मात्र परीक्षेसारखे बसायचे.

हे समजायला आमची जमात माहीत हवी. इथे आलेले आम्ही बहुतेक जण वर्गात पहिल्या पाचांत असलेले. समोर आकडा आला आणि शेजारी पास-नापासाची रेघ आली, की आमचा हात आपोआप अभ्यासाकडे वळतो. वर्षातून एकदा डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. तारीख ठरली की तीन आठवडे आधी घराघरांत तूप वरच्या फळीवर जातं आणि ओट्स खाली येतात. पार्टीत कुणी पनीर नको म्हणालं की बाकीचे समजून घेतात, याची टेस्ट आहे. सकाळ-संध्याकाळ चालणं, बदाम मोजून खाणं, रात्रीचं नुसतं सूप. मग रिपोर्ट येतो. वाईट कोलेस्टेरॉल रेघेच्या खाली, चांगलं रेघेच्या वर, सगळा समतोल अगदी पुस्तकात दाखवल्यासारखा. फोनाफोनी होते आणि त्याच शनिवारी कुणाकडे तरी श्रीखंड-पुरीचा बेत होतो. मीही हे सगळं केलेलं आहे, आणि रिपोर्टचा फोटो नागपूरला बहिणीला पाठवून शाबासकीही मिळवलेली आहे.

या परीक्षेत काका बोर्डात आलेले होते. एका वर्षी डॉक्टरांनी गोळीचं नाव काढलं, तर काकांनी मुदत मागून घेतली आणि असा कसून अभ्यास केला की डॉक्टरच म्हणाले, राहू द्या. बाकी वर्षभर बटाटेवड्याला नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांचा थोरला भाऊ पुण्यात एका सकाळी दाढी करता करता कोसळला होता आणि पुढे चार वर्षं अंथरुणावर होता. काका हा विषय निघाला की म्हणायचे, "दादा कधी टेस्टच करून घ्यायचा नाही. मी दरवर्षी करतो." आणि ते तीन आठवडे बिनफोडणीचं वरण, वाफवलेल्या भाज्या आणि ज्वारीच्या कोरड्या भाकऱ्या कोण करून वाढायचं? कुसुममावशी.

गणपतीनंतरच्या एका शनिवारी मंडळानं देवळाच्या हॉलमध्ये आरोग्य शिबिर घेतलं. आमच्यातल्याच एका हृदयाच्या डॉक्टरांनी आपल्या क्लिनिकचं फिरतं मशीन आणलं आणि मावशींना त्यावर बसवलं. त्या निवृत्त झाल्या होत्या, पण लायसन्स चालू ठेवलेलं होतं. मी जवळच टेबल टाकून फॉर्म भरून घेत होते. लोक मान दाखवायला लाजत होते. तेव्हा काका पुढे झाले. "चला, उद्घाटन माझ्यापासून," म्हणत शर्टाची वरची दोन बटणं सोडून आडवे झाले आणि जमलेल्यांना म्हणाले, "चाळीस वर्षं हिनं माझा गळा धरलाय, आज ऑफिशियली." सगळे हसले.

मला पडदा दिसत नव्हता, आणि दिसला असता तरी त्यातलं काही कळलं नसतं. मला मावशींचा हात दिसत होता. उजवी बाजू झाली. डाव्या बाजूला तो हात एका जागी थांबला, थोडा मागे आला, पुन्हा त्याच जागी गेला. एक फोटो, दुसरा, तिसरा. मग त्यांनी टॉवेलनं काकांची मान पुसली, इतर कुणाची पुसली त्यापेक्षा जरा जास्त वेळ.

"काय गं, फर्स्ट क्लास ना?" काकांनी विचारलं.

"मी फक्त फोटो काढते," मावशी म्हणाल्या. "नेक्स्ट कोण आहे?"

त्यानंतर दुपारी चारपर्यंत त्या माना तपासत होत्या, आणि एकालाही गार जेल लागलं नाही.

डॉक्टर सवडीनं सगळ्यांचे फोटो बघून पत्रं पाठवणार होते, त्याला दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे मावशींनी घरात चकार शब्द काढला नाही. मला हे नंतर कळलं आणि मी त्यांच्यावर भडकलेच. "मावशी, पेशंट नाही, नवरा आहे तो तुमचा!"

"आजच्या आज काही होईल असं ते नव्हतं," त्या म्हणाल्या. "आणि मी तोंड उघडलं असतं तर हे म्हणाले असते, तुझा खांदा दुखत होता, हात हलला असेल. मग ते कायमचं तसंच राहिलं असतं. कागद आला की हात हलला म्हणता येत नाही." त्या दिवसांत सकाळी काका दाढी करत असले की मावशी काही ना काही निमित्त काढून बाथरूमच्या दाराशी उभ्या राहायच्या.

पत्र आलं ते ऑनलाइन. काकांचा पासवर्ड नेहमीप्रमाणे हरवलेला, म्हणून मला बोलावणं आलं. आयटीत नोकरी करणाऱ्या शेजारणीचा एवढाच उपयोग असतो. डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून मी पासवर्ड बदलला, पत्र काढलं. "वाच, मोठ्यानं वाच," काका म्हणाले. मी वाचू लागले. डाव्या वाहिनीची भिंत वयाच्या मानानं बरीच जाड झालेली आहे, वाहिनी जिथे दुभागते तिथे साठाही जमला आहे, आपल्या डॉक्टरांना भेटून उपचार सुरू करावेत. वाचता वाचता माझाच आवाज बारीक होत गेला.

काका हसले. "ते मशीन जुनं असणार," म्हणत उठले आणि आतून एक फाइल घेऊन आले. अठरा वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट, वर्षवार लावलेले. "यातल्या एकात तरी लाल आकडा दाखव. ज्याचं कोलेस्टेरॉल इतकं बॅलन्स्ड, त्याची भिंत जाड होईलच कशी? इट डझन्ट मेक सेन्स."

मी हळूच उठायला लागले. मावशींनी स्टोव्ह बंद केला. "तू बस," मला म्हणाल्या, आणि काकांच्या समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"अहो, पाइपमधलं तेल तपासून तुम्ही कधी पाइप पास केलात का?"

"तेल वेगळं, पाइप वेगळा."

"मग?"

"मग काय? पाइपची भिंत झिजून पातळ होते कुसुम, जाड होत नाही. तुझं कम्पॅरिझनच चुकतंय."

"बरं, पातळ होते. पण प्लँटवाल्यांना तारीख कळवून तुम्ही कधी गेलात?"

काकांनी फाइल स्वतःकडे ओढली.

"नाही गेलात. का, तर ते रंग लावून ठेवतात. अहो, अठरा वर्षं मी तुम्हाला रंग लावतेय. ही फाइल तुमच्या रक्ताची नाहीच. माझ्या तीन आठवड्यांच्या स्वयंपाकाची आहे." त्या थांबल्या, मग एका दमात बोलून मोकळ्या झाल्या. "मला माहीत होतं. दरवर्षी माहीत होतं. दिवसभर लोकांच्या भिंती मोजायच्या आणि घरी येऊन तुमच्यासाठी बिनफोडणीचं वरण करायचं. का, तर पास झालात की तुम्हाला इतका आनंद व्हायचा, तो मला मोडवत नव्हता. चूक माझी आहे. पण आता दादांसारखं तुम्हाला अंथरुणात वळवायची वेळ माझ्यावर आणू नका. मला ते नाही जमणार."

त्यांचा तो कोरा चेहरा त्या दिवशी जागेवर नव्हता. भीती होती, उघडी, सगळ्यांना दिसेल अशी. मी खाली बघत राहिले. काका बराच वेळ फाइलमधल्या कागदांच्या कडा जुळवत होते. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. नोटीस न देता करू. तारीख तू ठरव. मला सांगू नकोस."

मावशींनी घाई केली नाही. दिवाळी येऊ दिली. त्या दिवसांत काका जेवायला बसले की आधी मावशींकडे बघायचे. "जेवा, नेहमीसारखं जेवा," त्या म्हणायच्या. काकांनी एकदा चकलीचा डबा उघडून तसाच बंद केला, तर मावशींनी तो पुन्हा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. मग एका मंगळवारी सकाळी सात वाजता मला फोन आला. "गाडी काढ. हे काही विचारतील, सांगू नकोस."

काका हाफ पँटवर, चहाही न घेता गाडीत येऊन बसले. तिसऱ्या सिग्नलला त्यांच्या लक्षात आलं. "काल मी दोन करंज्या खाल्ल्या," ते घाबऱ्या आवाजात म्हणाले.

"माहीत आहे," मावशी म्हणाल्या. "मीच दिल्या."

लॅबच्या पार्किंगमध्ये काका उतरेचनात. मला आधी हसू आलं. ज्याला बघून प्लँटचे मॅनेजर चळचळा कापायचे तो सत्तरी ओलांडलेला माणूस सीटबेल्ट घट्ट धरून बसला होता. मग त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं. ती पट्ट्याची कडा पुन्हा पुन्हा सारखी करत होती, त्या दिवशी फाइलचे कागद जुळवत होती तशी. माझं हसू तिथेच विरलं. मावशींनी दार उघडून हात पुढे केला आणि तशाच उभ्या राहिल्या. काका उतरले.

वाईट कोलेस्टेरॉल रेघेच्या कितीतरी वर, आणि ट्रायग्लिसराइड्सचं तर विचारूच नका. काका जन्मात पहिल्यांदा नापास झाले. ते चार दिवस मावशींशी बोलले नाहीत. मला बाहेर गवताला पाणी घालताना भेटले तेव्हा म्हणाले, "नापास झालो त्याचं काही नाही गं. पण हिला ठाऊक होतं आणि हिनं मला पास होऊ दिलं, हे लागतंय." त्यांची मुलगी नेहा ओहायोत, डब्लिनला असते. याचं उत्तर तिला बरोबर सुचलं. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, स्टॉप सल्किंग. जस्ट टेक द पिल."

पाचव्या दिवशी काका डॉक्टरांकडे गेले आणि गोळी सुरू झाली. जेवण झालं की ते मावशींसमोर उभे राहून गोळी घ्यायचे आणि गिळल्याचा पुरावा म्हणून जीभ बाहेर काढून दाखवायचे. सुरुवातीला ते रागानं होतं, नंतर सवयीनं, आणि काही महिन्यांनी दोघंही त्यावर हसू लागली. घरात वर्षभराचा एकच स्वयंपाक सुरू झाला. फोडणीही होती, सणाला करंजीही होती, पण रोज उठून वडा नव्हता. ही बातमी मंडळात पसरली आणि बऱ्याच जणांनी गुपचूप, अभ्यास न करता रक्त तपासून घेतलं. मीही घेतलं. आकडा सांगत नाही.

दुसऱ्या वर्षी काकांची मान पुन्हा तपासायची वेळ आली तेव्हा मावशींनी मूठ हातात घ्यायला साफ नकार दिला. क्लिनिकमधल्या दुसऱ्या मुलीनं ते काम केलं. पत्र वाचायला पुन्हा मीच. जमलेला साठा गेलेला नव्हता, तो सहसा जातही नाही, पण भिंत होती तेवढीच होती. वाढ नव्हती. मावशी "हं" म्हणाल्या आणि ड्रायरमधले कपडे काढायला गेल्या. बराच वेळ झाला तरी आल्या नाहीत म्हणून मी डोकावले. कपड्यांच्या ढिगापाशी खाली बसून, कोमट टॉवेल तोंडाला लावून त्या हमसून हमसून रडत होत्या. मी आल्या पावली परत फिरले आणि काकांशी क्रिकेटबद्दल बोलत बसले, ज्यातलं मला काही कळत नाही. रक्ताच्या नात्याबाहेरच्या कुणाबद्दल मला इतकी माया वाटली नव्हती.

त्यानंतर दोन वर्षं बरी गेली. मग मावशींचं पोट दुखायला लागलं. गॅस आहे, उपास बाधला असेल, असं करत दिवस गेले. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि कळला तेव्हा फार पसरलेला होता. मला भयंकर संताप आला, कुणावर ते मात्र ठरवता येईना. मावशी तेवढ्यातही म्हणाल्या, "माझी मान बघ, एकदम क्लीन आहे. पोटाकडे बघायचं राहूनच गेलं."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मार्चमधल्या एका दुपारी. बैठकीच्या खोलीत, मागच्या अंगणाकडे तोंड करून, त्यांचा पलंग लावला होता. नेहा आली होती, आत फोनवर नर्सशी बोलत होती. मावशींना आता उठून बसवत नव्हतं. काका चमच्यानं पाणी पाजत होते. चमचा ओठांशी न्यायला ते वाकले, पण मावशींनी तोंड उघडलं नाही. त्यांनी चादरीतून हात बाहेर काढला, फार सावकाश वर नेला, आणि दोन बोटं काकांच्या जबड्याखाली, डाव्या बाजूला टेकवली. डोळे मिटलेले होते. बोटं जरा मागे सरकली, पुन्हा पुढे आली आणि एका जागी थांबली.

काका श्वास रोखून वाकलेले. "सावकाश बघ, कुसुम," ते म्हणाले. "मला कुठे जायचंय."

त्यांना कंबरेचा त्रास होता, म्हणून मी खुर्ची पुढे सरकवली. त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. चमच्यातलं पाणी चादरीवर सांडून गेलं. मावशींचा हात आपणहून खाली येईपर्यंत ते तसेच वाकून उभे राहिले.